तिन्हीसांजेची मूठ

दिवाळी अंकात मराठीच्या प्राध्यापकाने लिहायचे म्हणजे एखाद्या संतावर लिहावे, शाहिरावर लिहावे, अगदीच नाही तर शुद्धलेखनावर तरी लिहावे, अशी वाचकांची अपेक्षा असते. मी मात्र कोंबड्यांवर लिहिणार आहे. त्यांना काय खाऊ घालावे आणि काय घालू नये, एवढाच विषय. हसायला हरकत नाही. आमच्या महाविद्यालयातल्या सहकाऱ्यांचे हसून झाले आहे.

माझा जन्म नाशिक शहरातला, वाड्यातला. कोंबडीशी माझा संबंध होता तो म्हणींपुरता. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, हे मी वर्गात किती तरी वेळा समजावून सांगितले असेल; पण कोंबडे झाकतात कशाने, ते पेठेला येईपर्यंत मला ठाऊक नव्हते. बांबूच्या विणलेल्या डालग्याने झाकतात. ‘डालणे’ हे क्रियापद त्याचेच. शब्दकोशात वाचलेला शब्द शेजारच्या अंगणात रोज संध्याकाळी घडताना पाहावा, हा आनंद भाषेच्या माणसालाच कळेल.

नाशिकहून धरमपूरकडे जाणाऱ्या रस्त्याने सावळघाट, मग कोटंबीचा घाट, आणि मग पेठ. डोंगराचा मुलूख, पावसाळ्यात चार महिने धो धो पाणी आणि उन्हाळ्यात हंड्यासाठी पायपीट. उतारावर नागली आणि वरई, खाचरात भात, कडेला खुरासणी. वस्ती बहुतेक कोकणा, महादेव कोळी आणि वारली लोकांची. बारा वर्षांपूर्वी मी इथल्या महाविद्यालयात आलो आणि गावाच्या टोकाला भाड्याने घर घेतले. मागच्या दारी एक कूड, कुडापलीकडे आजीचे घर. आजीचे नाव इथे सांगत नाही. तिला ते आवडणार नाही. तिची बोलीही जशीच्या तशी उतरवत नाही. मुद्रितशोधक ती ‘सुधारून’ टाकतील. तेव्हा तिचे बोलणे माझ्या भाषेत ऐका.

आजीकडे नेहमी सहा-सात कोंबड्या आणि एक कोंबडा. सकाळी डालगे उचलले की तिचे काम संपले. सकाळी ती त्यांच्यापुढे दाणासुद्धा टाकत नसे. कोंबड्या चरायला निघत. उकिरडा उकरत, कुडाच्या बुडाशी किडे टिपत, पावसाळ्यानंतर कापलेल्या खाचरातले सांडलेले दाणे वेचत. मी आपला शहरी कनवाळू! मला वाटे, म्हातारी कंजूष दिसते. मग तिन्हीसांजेला ती ओट्यावर येई, सुपात कांडणाच्या कण्या आणि थोडा कोंडा घेई, कधी नागलीचे झाडलेले दाणे, आणि ‘आ आ आ’ करून एक मूठ अंगणात फेके. एकच मूठ. कुठून कुठून कोंबड्या धावत येत. तिघींना पुरेल एवढ्या दाण्यांवर सातजणी तुटून पडत, आणि त्या गडबडीत आजी त्यांना मोजून घेई. सात म्हणजे सात. मग डालगे.

‘‘एवढ्याने त्यांचे पोट भरते का?’’ असे मी एकदा विचारले.

ती म्हणाली, पोट त्यांनी दिवसभर भरले आहे. ही मूठ पोटाची नव्हे, घर दाखवायची आहे. ती नसेल तर त्या झाडावर बसतील आणि मुंगूस आणि रानमांजर त्यांचा हिशेब करील.

मला हे उत्तर पटले, पण अर्धेच. माणसाला जे नुसते पटते आणि ज्याची त्याला किंमत मोजावी लागते, त्यांत फार फरक आहे. तो कसा, तेच पुढे सांगायचे आहे.

तीन वर्षांपूर्वी आजीने आमच्या मुलीला एक तलंग दिली. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. एकीच्या तीन झाल्या. घरात नवे खेळणे आले. पहिले अंडे सापडले त्या दिवशी मुलीने ते शाळेत नेऊन दाखवले. मग काय, पोळीचा तुकडा, वरणभात, केळे, बिस्किट; ताटात जे उरेल ते मागच्या दारी. कोंबड्या खिडकीवर चोच आपटून मागू लागल्या आणि आम्हांला वाटले, किती हे प्रेम!

त्या दिवाळीत तर सौभाग्यवतींनी फराळाचा एक छोटा डबा कोंबड्यांसाठी वेगळा काढला. शंकरपाळे, अनारशाचा चुरा, करंजीचे सारण. कोंबड्यांनी ते चटाचटा खाल्ले. ‘‘गोड आवडतं हो त्यांना,’’ असा निकाल लागला. पुढे मी वाचले तेव्हा कळले की कोंबडीला गोड मुळी कळतच नाही. गोडाची चव ओळखणारा जो अवयव आपल्या जिभेवर असतो, तो घडवणारे एक जनुकच पक्ष्यांच्या या घराण्यात उरलेले नाही. आपल्या तोंडात चवीचे हजारो अंकुर, तिच्या तोंडात काही शेच. उलट मिरचीचे पाहा. ज्या द्रव्याने आपल्या डोळ्यांतून पाणी येते, त्याचा दाह पक्ष्यांना जाणवत नाही. म्हणजे नाशिकचा झणझणीत चिवडा आणि साजूक तुपातला अनारसा, दोन्ही तिच्या लेखी सारखेच. गोडाचा सण आम्ही आमच्याशीच साजरा करत होतो. कोंबडी फक्त तुकड्याचा आकार पाहून टिपत होती. चिवड्यातले मीठ मात्र तिला कळो न कळो, बाधते. मीठ बाहेर टाकण्याची तिची शक्ती बेताची. जास्त झाले की पाणी पीत सुटते, ढाळते, आणि पिल्लू असेल तर मरते.

आजीने तो डबा पाहिला आणि काही बोलली नाही. ती बोलली दुसऱ्याच गोष्टीवर. पावसाळ्यात आमच्या डब्यातले शेंगदाणे ओलसर होऊन त्यांना हिरवट बुरशी आली होती. फेकण्यापेक्षा कोंबड्यांना, म्हणून मी ते घेऊन निघालो होतो. तिने माझ्या हातातले भांडे घेतले आणि सरळ चुलीत ओतले. माणसाला चालत नाही ते कोंबडीला कसे चालेल, म्हणाली.

हिला हे कोणी शिकवले असेल? शास्त्राला तर ते 1960 साली शिकावे लागले, आणि फार महाग पडले. त्या वर्षी इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. रोग सापडेना, जंतू सापडेना. अखेर धागा लागला तो ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीचा. पेंडीवरच्या बुरशीने विष तयार केले होते. त्यालाच पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. आज जगभर शेंगदाण्याची, मक्याची तपासणी होते ती तेव्हापासून. ते विष यकृत खाते, माणसाचेही. पेठेसारख्या गावात, जिथे पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवरसुद्धा बुरशी येते, तिथे हे ज्ञान म्हातारीच्या हातात असावे यात खरे तर नवल नाही. नवल हे, की ‘वाया गेले, आता कोंबडीला घाला’ हे वाक्य आम्हा शिकल्यासवरल्यांच्या तोंडी इतके सहज येते.

वाघबारस झाली. दिवाळीच्या आधीच्या द्वादशीला इकडे वेशीवर वाघदेवाची पूजा असते. गुराढोरांना सांभाळ म्हणून त्याला साकडे घालतात. त्या दिवशी आजीचा कोंबडा कमी झाला, आणि त्याबद्दल तिला यत्किंचितही दुःख नव्हते. तो त्यासाठीच होता. मुलगी दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

दिवाळी सरली की पेठ तालुक्यातली घरेच्या घरे बंद होतात. लोक दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात ते शिमग्याला परततात. त्या वर्षी आजीचा मुलगा आणि सून निघाले, आणि नातवंडे सांभाळायला आजीही निघाली. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी ती डालगे घेऊन आमच्या मागच्या दारी आली. सहा कोंबड्या. शिवाय एक सातवी, खुडूक, टोपलीत पेंढ्यावर बसलेली, तिच्या पोटाखाली अकरा अंडी.

ही अकरा अंडी म्हणजे काय होते, हे समजल्याखेरीज पुढचे समजणार नाही. बागेची मजुरी मुलाच्या हातात येते. रेशन कार्ड मुलाच्या नावावर. कोंबड्या मात्र आजीच्या. त्यांचा पैसा ती कनवटीला लावते आणि त्याचा हिशेब कोणी मागत नाही. शिमग्यानंतर लग्नसराई, गावठी कोंबड्याला तेव्हा बॉयलरपेक्षा कितीतरी चढा भाव येतो. थोरल्या नातीला तेव्हा शिवणाचे यंत्र घ्यायचे, जुने का होईना, असे आजीच्या मनात होते. ती मला म्हणाली, ‘‘सर, सकाळी सोडा, संध्याकाळी मूठ टाका, मोजा, झाका. बाकी काही करू नका.’’

मी बाकी सर्व काही केले.

रेशनचा पांढरा तांदूळ आमच्याकडे पडून होता. सौभाग्यवती रोज त्याचा पातेलेभर मऊ भात शिजवून दोन वेळा घालू लागल्या. दहा कोंबड्या, पाहुण्या कोंबड्या, उपाशी राहिल्या असे आजीने म्हणायला नको! पहिल्या आठवड्यात त्या खाचराकडे जात, दुसऱ्या आठवड्यात कुडापर्यंत, तिसऱ्या आठवड्यात ओट्याखालीच पसरू लागल्या. किडे उकरणे बंद. अंग जड. मला वाटले, सुधारल्या.

आणि इथे मला बटाव्हियाची गोष्ट आठवायला हवी होती, कारण ती मी पूर्वी वाचलेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर डच सरकारने आइकमन नावाचा एक डॉक्टर बेरीबेरीचे कारण शोधायला ठेवला होता. प्रयोगासाठी पाळलेल्या कोंबड्यांचे पाय अचानक लुळे पडू लागले, माना कलंडू लागल्या, हुबेहूब बेरीबेरी. जंतू शोधता शोधता कोंबड्या आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशी करता निघाले ते असे: कोंबड्या सांभाळणारा माणूस काही महिने लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला, सडलेल्या पांढऱ्या तांदळाचा भात त्यांना घालत होता. मग स्वयंपाकी बदलला, आणि नव्या स्वयंपाक्याने सांगितले की लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना मिळणार नाही. कोंबड्यांना पुन्हा कोंड्यासकटचा तांदूळ मिळू लागला, आणि त्या उठून चालू लागल्या. आइकमनला 1929 साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या स्वयंपाक्याला काही मिळाल्याचे ऐकिवात नाही. कोंड्यातले ते जीवनसत्त्व ब-1, आणि आजीच्या सुपात कण्यांबरोबर कोंडा असे, तो यासाठी; तिने ते नाव ऐकलेले नसले तरी.

आमच्या कोंबड्यांचे पाय लुळे पडले नाहीत. ओट्याखालचे काहीबाही त्या टिपत असाव्यात. बिघडले ते अंडे. एके सकाळी मुलीने कोपऱ्यातून अंडे उचलले आणि ते तिच्या हातात दबले. कवच नाहीच, नुसती ओली कातडी.

तेव्हा मी पुस्तके उघडली. हिशेब सोपा आहे. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम. शंभर ग्रॅम नागलीत ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, आणि धान्यांत तर नागली त्या बाबतीत राणी; भातात ते जवळजवळ नाहीच. म्हणजे नुसत्या नागलीवर एक कवच घडवायचे तर अर्ध्या किलोहून अधिक खावे लागेल, आणि अंड्यावरची कोंबडी दिवसाला खाते शंभर-सव्वाशे ग्रॅम. उरलेले कुठून आणायचे? शंखशिंपल्यांतून, गोगलगाईंतून, पडक्या भिंतीच्या चुन्यातून. म्हणून ती हिंडते. कवच बहुतांशी रात्री चढते, म्हणून दिवस कलताना तिला चुनखडीची ओढ लागते. आम्ही तिचे पोट पांढऱ्या भाताने भरून हिंडणेच बंद केले होते.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये अंड्यांचे रेशन होते, माणशी आठवड्याला एक, तेही मिळाले तर. तेव्हा लोकांनी परसात कोंबड्या पाळल्या. आपल्या अंड्यांच्या वाट्यावर पाणी सोडायचे आणि त्याबदल्यात सरकारकडून कोंबड्यांसाठी पुरवणी पीठ घ्यायचे, ते बटाट्याच्या साली आणि पानातले उरलेले उकडून त्यात कालवायचे. घरचे उष्टे एकटे पुरत नाही, हे त्या सरकारला युद्धाच्या धामधुमीतही ठाऊक होते. (त्याच देशात आज मांसमच्छी शिजणाऱ्या स्वयंपाकघरातले काहीही परसातल्या कोंबडीला घालणे कायद्याने मना आहे, रोग पसरतात म्हणून. काळाचा महिमा!) जाणकार सांगतात की वरचा खाऊ तिच्या दिवसाच्या आहाराच्या दहाव्या हिश्श्यापलीकडे जाऊ नये. आजीची मूठ मी नंतर तराजूत घालून पाहिली. सात कोंबड्यांना मिळून ती त्या दहाव्या हिश्श्याच्याही आतच होती.

पण मी तेव्हा मुठीकडे वळलो नाही. मी चुना घालायचे ठरवले. आणि घरात फुकटचा चुना कोणता? अंड्यांची टरफले. ती वाळवून, भाजून, पार पूड करून घालावीत असे पुस्तकात होते. मला महाविद्यालयाला उशीर होत होता. दोन अंड्यांचे ऑम्लेट झाले, टरफले अर्धी-अर्धी, आतून अजून ओली, तशीच अंगणात टाकली. चार दिवस टाकली. कोंबड्यांना त्या टरफलाची ओढ होतीच. आता त्यांना हेही कळले की या पांढऱ्या गोल वस्तूला चोच मारली की आत खाण्याजोगे असते.

खुडूक कोंबडी दिवसातून एकदा, पंधरा-वीस मिनिटे, चारापाण्याला उठते. अठराव्या दिवशी ती उठली. बाकीच्या नऊजणी ओट्याखाली होत्याच. कुठे जातील, आम्हीच त्यांना घरबशा केले होते. मी स्वयंपाकघरात चहा घेत होतो. मुलीची किंचाळी ऐकून धावलो तेव्हा टोपलीत सात अंडी फुटलेली होती. आत पिल्ले जवळजवळ पुरी झाली होती, ओल्या पिसांची. अठरा दिवसांचे असतात तेवढी. मी ते वर्णन करणार नाही. खुडूक परत आली, उरलेल्या चार अंड्यांवर बसली, पेंढा चोचीने सारखा केला. तीन दिवसांनी चार पिल्ले निघाली.

शिमग्याला आजी आली. मी सगळे सांगितले, ऑम्लेटसकट सांगितले. तिने चारही पिल्ले, म्हणजे आता मोठी झालेली, एकेक करून हातात घेतली, तंगडी पाहिली, तुरा पाहिला. दोन नर, दोन माद्या. ती बराच वेळ गप्प होती. मला वाटले, रागावली तर बरे. मी पैसे पुढे केले. सात कोंबड्यांची लग्नसराईतली किंमत मी बाजारात विचारून ठेवली होती.

तिने पैसे घेतले नाहीत. ती म्हणाली, अंड्याला अंडे. तुमच्या तिघींची सात अंडी द्या, मी बसवीन. आणि आठ दिवस मागचे दार लावून ठेवा. त्यांनी कितीही चोची आपटल्या तरी काही टाकू नका.

ते आठ दिवस आमच्या घराला जड गेले. तिच्या कोंबड्या सकाळी डालग्यातून सुटत आणि तडक आमच्या दाराशी येऊन उभ्या राहत. चोचीचे टकटक. सौभाग्यवतींना घास गोड लागेना. चौथ्या दिवशी त्यांतल्या दोघी कुडाशी उकरताना दिसल्या. सहाव्या दिवशी आजीने कुठूनसे वाळवीचे वारूळ फोडून त्याची ढेकळे अंगणात आपटली. वाळवी सैरावैरा पळाली आणि सगळ्या कोंबड्या, आमच्यासुद्धा, त्यांवर तुटून पडल्या. वाढत्या पिल्लाला धान्यापेक्षा असला मांसल चारा अधिक लागतो. आमच्या फराळाच्या डब्यावर त्या कधी अशा धावल्या नव्हत्या. एक तांबडी मात्र महिनाभर आमच्या दाराशी येत राहिली. तिला अंडे फोडण्याची सवय लागली होती आणि ती काही सुटली नाही. आजीने एका बाजारी ती विकली. कापणाऱ्यालाच विकली, पाळणाऱ्याला नव्हे, हे तिने मला मुद्दाम सांगितले.

शिवणाचे यंत्र त्या वर्षी झाले नाही. पुढच्या उन्हाळ्यात झाले. ते आजही चालते. माझ्या पिशवीचा तुटलेला बंद नातीने परवाच लावून दिला, पैसे घेतले नाहीत.

या दिवाळीनंतर आजी पुन्हा बागेकडे निघणार आहे. गुडघे दुखतात, पण धाकटे नातवंड अजून अंगावर पिते, त्याला सांभाळायला कोणी हवे. परवा ती कुडाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘सर, कोंबड्या ठेवून जाते.’’ मला आत कुठे तरी बरे वाटले; ते मी लपवले नाही. मी म्हणालो, आजी, आता सगळे कळले आहे. सकाळी काही नाही, संध्याकाळी एक मूठ कणी आणि कोंडा, मोजायचे, झाकायचे.

तिने माझा हात धरला, उलटा करून पाहिला, मूठ मिटायला लावली आणि हसली. तुमची मूठ फार मोठी आहे, म्हणाली. मग माझ्या मुलीला हाक मारून तिचा हात पाहिला आणि सूप तिच्याकडे दिले.